पुण्याहून नागपूर बरे, पण कोणासाठी?

धानपट्टा (धागाकर्ता)
चौदा वर्षे पुण्यात नोकरी करून नागपूरला परतलेल्या 'धंतोलीकर' यांनी परवा असे लिहिले की, विदर्भातील जगण्याचा दर्जा आज पश्चिम महाराष्ट्राच्या कितीतरी पुढे गेला आहे आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी इथले रुंद रस्ते, मेट्रो आणि एम्स एकदा पाहून जावे. दोन ओळींत उत्तर देऊन माझे समाधान होणार नव्हते, म्हणून हा स्वतंत्र धागा.

माझे घर भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात आहे आणि पोट पुण्यात. विदर्भात अकरा जिल्हे आहेत. त्यांतील एका शहराच्या पश्चिमेकडील चार वस्त्या पाहून विदर्भ सुखी झाल्याचे जाहीर करणे हा आमच्यावर अन्याय आहे. आईच्या हृदयाचे दुखणे निघाले तेव्हा तालुक्यात तज्ज्ञ नव्हता आणि ऐंशी किलोमीटरवरच्या नागपूरला पोहोचेपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला होता. त्या रुंद रस्त्यांचा आनंद आम्ही घेतो, तो रुग्णवाहिकेतून.

शिवाय नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात आमच्याकडेच येते. ज्या धरणाचे भूमिपूजन १९८८ साली झाले आणि ज्याच्या कालव्याची वाट पाहता पाहता माझे वडील गेले, त्या धरणात पाण्याआधी शहराची घाण पोहोचली. नागपूरच्या जीवनमानाचे मोजमाप करताना हाही हिशेब मांडावा.

धंतोलीकर
आपल्या आईंच्या दुखण्याबद्दल वाईट वाटले. तथापि माझे म्हणणे आपण सोयीस्कर वाचले आहे. मी तुलना केली ती स्वतः जगलेल्या दोन आयुष्यांची. पुण्याच्या कडेच्या वाघोलीत, सोसायटीत आम्ही दरमहा टँकरसाठी वेगळी वर्गणी देत होतो आणि हिंजवडीला जाऊन येण्यात रोजचे साडेतीन तास घालवत होतो. पुणे महापालिकेने २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे पोटात घेतली, पण त्यांच्या नळांना पाणी कधी येणार याचे उत्तर कोणाकडे नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि लोक पाणी उकळून पिऊ लागले, तेव्हा मी सामान बांधायला घेतले. इथे मी साडेसहाला घरी असतो आणि मुलीला गणित शिकवतो. याला दर्जा म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

कोथरूड_१९७२
मुलीला गणित शिकवता हे उत्तमच. मात्र हा पगार कोणत्या गावची कंपनी देते, तेही सांगून टाका. पुण्याचा पगार घ्यायचा, नागपूरचे भाडे भरायचे आणि वर पुण्यालाच नावे ठेवायची, ही सोय साऱ्या विदर्भाला उपलब्ध असती तर आमच्या इमारतीतील निम्मी मुले यवतमाळ आणि अमरावतीहून इकडे आलीच नसती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून लोकांच्या घरांत पाणी शिरले, ते बहुधा आपल्या वस्तीत नसावे. आणि मे महिन्याविषयी आपण अवाक्षर काढलेले नाही. पंचेचाळीस अंशांत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावून दुपारी कोंडून घेणे हे सुख असेल, तर ते आपल्याला लखलाभ.

वर्धाकाठ
कोथरूडकर, उन्हाची थट्टा आपण खुशाल करा, पण ज्या विजेवर आपला एसी चालतो तिच्याविषयीही दोन शब्द लिहा. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. नागपूरजवळची कोराडी आणि खापरखेडा ही केंद्रे वेगळीच. कोळसा आमचा, धूर आमचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली अतिप्रदूषित क्षेत्रांची यादी काढली, तीत चंद्रपूर होते. आमच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर करड्या रंगाचा थर बसतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. २००६ साली 'पुणे मॉडेल' म्हणून, जादा आकार भरून, पुण्याची भारनियमनातून सुटका झाली, तेव्हा आम्ही धुराड्यांच्या सावलीत कंदील लावून बारावीचा अभ्यास करत होतो. जिथे वीज जन्मते तिथे अंधार, आणि वर जीवनमानाच्या गप्पा.

कोथरूड_१९७२
वीज काय एकट्या चंद्रपूरचीच आहे? कोयनेचा जलविद्युत प्रकल्प १,९६० मेगावॅटचा आहे आणि त्याचे धरण साताऱ्यात, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातच आहे. माझे आजोळ त्या धरणाखाली गेले. धरणग्रस्तांच्या जमिनींचे दावे दोन पिढ्या चालले आणि आजी गेली तेव्हाही सातबारा तिच्या नावावर झालेला नव्हता. त्याग काय तो विदर्भानेच केला, हे पालुपद ऐकून कान किटले आहेत.

वर्धाकाठ
कोयनेच्या पाण्यातून राख उडत नाही. आपल्या आजींचे दुःख मी नाकारत नाही. पण तिच्या नावाने कोथरूडमधले तिचे नातू बोलतात आणि आमच्या नावाने नागपूरचे नेते. फरक असलाच तर एवढाच.

कोथरूड_१९७२
माझ्या आजीला यात ओढण्याचे कारण नव्हते.

वर्धाकाठ
तिला मी आणलेले नाही, आपणच आणलेत.

उजनी_काठ
मी सोलापूरचा, म्हणजे नकाशाप्रमाणे पश्चिम महाराष्ट्राचाच. त्यामुळे या सुखात माझाही वाटा असायला हवा. तो मुळा-मुठेतून येतो. पुण्याने सोडलेले सांडपाणी भीमेतून उजनीत उतरते, आणि तेच पाणी शुद्ध करून सोलापूरला पुरवतात, तेही रोज नव्हे. भंडाऱ्याच्या गृहस्थांनी वैनगंगेचे जे लिहिले आहे, त्यात नद्यांची नावे बदलली की आमची कथा तयार होते. पुणे आणि नागपूर यांत वरचढ कोण, हा वाद नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांना परवडतो.

धानपट्टा (धागाकर्ता)
उजनीकरांनी माझे म्हणणे माझ्यापेक्षा नेमके मांडले. विजेवरून एवढे हातघाईवर येण्याचे कारण नव्हते, परंतु विषय निघालाच आहे तर लक्षात असू द्या की, प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा ३,१८६ कोटींचा विकासाचा अनुशेष काढला, त्यात विदर्भाचे १,२४६ कोटी होते. त्या आकड्यावर चाळीस वर्षे भाषणे झाली. पैसा आला तेव्हा त्याचा बराच भाग नागपूरभोवतीच का दिसतो, हे धंतोलीकरांनी सांगावे, कारण ते आता तिथेच राहतात.

धंतोलीकर
ठीक आहे. 'विदर्भ' हा शब्द मी मागे घेतो आणि त्या जागी 'माझ्या घरापासून साडेतीन किलोमीटरचा परिसर' असे लिहितो. आता तरी सर्वांचे समाधान व्हावे. पगार पुण्याचाच आहे, हेही कबूल. नाग नदीचे पाणी पुढे कुठे जाते याचा मी खरोखरच विचार केला नव्हता. ती माझ्या दारावरून नाल्यासारखी वाहते आणि आम्ही खिडकी लावून घेतो. पण वाघोलीला मी परत जाणार नाही.

कोथरूड_१९७२
वाघोली म्हणजे पुणे नव्हे, एवढी नोंद असू द्यावी.