लुईसिया हिवाळ्यात बुडख्यातून कुजतं, दगडी बांधात कसं लावायचं?

मागचं_अंगण:
नमस्कार मंडळी. मुक्काम पोर्टलंड, ओरेगन. घरामागे पूर्वेकडे तोंड असलेला अडीच फुटी सुका (चुना-सिमेंटशिवाय रचलेला) दगडी बांध आहे. त्याच्या माथ्यावर गेल्या एप्रिलमध्ये लुईसिया कॉटिलेडॉन या मांसल पानांच्या डोंगरी फुलझाडाची तीन रोपं लावली. माती चिकण, त्यात निम्मं कंपोस्ट. फेब्रुवारीत दोन गेली: खालची पानं तपकिरी झाली आणि हात लावताच अख्खा झुपका मुळीवरून सुटून आला. तिसऱ्याची पानं सुरकुतली आहेत. थंडीने गेली का? तिसऱ्याला पाणी वाढवू?

कातळफूल:
पाणी अजिबात वाढवू नका. थंडीचा यात दोष नाही; हे झाड मूळचं तुमच्याच राज्याच्या दक्षिणेकडच्या सिस्कियू डोंगरातलं, कडाक्याची थंडी सहज काढतं. मारते ती ओल. ऑक्टोबर ते मे तुमच्याकडे पाऊस, आणि आडव्या जमिनीत झुपक्याच्या मधोमध पाणी साचतं. त्यात कंपोस्ट म्हणजे ओला स्पंजच. गोतावळा आपल्या घोळीच्या जवळचा: मांसल पानं, जाड मुळी, पाण्याचा साठा अंगातच. सुरकुतलेलं पान बघून लोक पाणी ओततात, पण मुळी कुजली की ती पाणी ओढू शकत नाही, म्हणूनही पान सुरकुततं. आधी उपटून मुळी बघा.

मागचं_अंगण:
उपटलं. टोक काळं, मऊ. वरचा भाग घट्ट आहे.

कातळफूल:
मग वाचेल. स्वच्छ धारदार सुरीने आतला भाग फिकट आणि कडक लागेपर्यंत कापत जा. दर कापाला सुरी पुसा, नाहीतर कूज वर चढवाल. कापावर गंधकाची पूड, तीन-चार दिवस सावलीत कोरडं, मग नुसत्या प्युमिसमध्ये (सच्छिद्र, हलका ज्वालामुखी खडा). पहिला आठवडा पाणी नाही.

खडीवाला:
नवी रोपं माथ्यावर नको, बांधाच्या तोंडावर दगडांच्या फटीत आडवी लावा. झुपका बाहेर, मुळी आत. पावसाचं पाणी आपोआप गळून जातं. मिश्रण: दोन भाग ३ ते ६ मिलिमीटरचं प्युमिस, एक भाग चाळलेलं कंपोस्ट. फट बांधामागच्या मातीपर्यंत पोचायला हवी, नाहीतर मुळी पोकळीत लटकून वाळते. रोप बसवून मिश्रण बोटाने ठासा आणि खाली चपटी कपची अडकवा, म्हणजे ते धुऊन जाणार नाही.

लावण्याआधी एक काम टाळू नका. नर्सरीच्या कुंडीत बहुधा पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, पाणी धरून ठेवतं) असतं, कधी मुळांभोवती जाळीची पिशवीही. जाळी कापा, पीट कोमट पाण्यात सोडवून काढा. तो गोळा तसाच राहिला तर बाहेर कितीही खडी घाला, बुडखा ओलाच. शेवटी गळ्याभोवती दोन-तीन सेंटिमीटर जाडीची बारीक खडी.

उन्हाळी_पाहुणा:
फुलं संपली की पाणी पूर्ण बंद, एवढं पुरे.

खडीवाला:
ते लुईसिया रेडिविवा या दुसऱ्या जातीचं. त्याची पानं फुलाच्या सुमारास वाळतात आणि ते जमिनीखाली झोपतं. (शोधप्रवासी मेरीवेदर लुईसने १८०६ मध्ये गोळा केलेली त्याची वाळकी मुळी फिलाडेल्फियात मातीत घातल्यावर फुटली; रेडिविवा म्हणजे पुन्हा जिवंत झालेली, नाव त्यावरूनच.) कॉटिलेडॉन सदाहरित आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दहा-पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी, मुळाशी, पानांवर नाही.

कातळफूल:
आणि वाळलेले फुलदांडे तळाशी कापा, खालची मेलेली पानं वेचा. बुरशी तिथूनच सुरू होते. खत फक्त वसंतात, टोमॅटोचं, निम्म्या ताकदीचं. नत्र जास्त झालं की पानं फुगतात आणि लवकर कुजतात. फुलं गेल्यावर बाजूची पिल्लं सुटी करून प्युमिसमध्ये लावता येतात. बी हवं असेल तर शरद ऋतूत पेरून कुंडी बाहेरच ठेवा. त्याला थंडी लागते, घरातल्या उबेत उगवायचं नाही.

मागचं_अंगण:
गोगलगायी बांधावर भरपूर आहेत, त्यांचं काय?

खडीवाला:
कळ्या आल्या की रात्री टॉर्च घेऊन वेचा. खडीचा त्यांना फारसा अडथळा होत नाही, दगडाच्या फटी तर त्यांचं घरच.