सौरडाग, सूर्यकलंक की ठिपका?

प्रश्न: सूर्यावर दिसणाऱ्या काळ्या 'सनस्पॉट'ला सौरडाग म्हणावं की सूर्यकलंक? आणि डागाच्या मधल्या भागाला 'प्रच्छाया', कडेला 'उपच्छाया' म्हणतात, ते पटतं का?

उत्तर: 'सूर्यकलंक' हिंदीत रुळलाय. मराठीत कलंक म्हटलं की आधी कुळाची अब्रू आठवते, म्हणून सौरडागच बरा. फक्त एक जपायला हवं. डाग हा डागणे, डागण्या यांच्या घरातला शब्द, त्यामुळे मनात भाजल्याची खूण येते. सूर्यावर नेमकं उलट आहे. भोवतीचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश सेल्सिअस, तर डागाचा गाभा साडेतीन-चार हजार. तिथलं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या काही हजार पट असतं. खालून उसळत वर येणारा तापलेला वायू त्यात अडतो, उष्णता वर कमी पोचते आणि तेवढा भाग शेजारच्या झगझगाटापुढे काळा दिसतो. तोच तुकडा एकटा आकाशात असता तर डोळे दिपले असते. हे चुंबकत्व खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांनी १९०८ साली अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत ओळखलं, डागाच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा चुंबकीय क्षेत्रामुळे दुभंगलेल्या दिसल्या त्यावरून.

'छाया' मात्र मला मुळीच पटत नाही. ग्रहणात प्रच्छाया, म्हणजे गडद सावली, चोख बसते, कारण तिथे खरंच कुणाची तरी सावली पडते. डागावर कुणाचीच सावली नसते. चूक मराठीची नाही, मुळातल्या लॅटिन 'अंब्रा'चाच अर्थ सावली. पण ती चूक आपण का वागवायची? मी 'गाभा' आणि 'झालर' म्हणतो. कडेला बारीक धागे बाहेरच्या दिशेने पसरलेले असतात, आणि १९०९ साली कोडाईकॅनलच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ जॉन एव्हरशेड यांना दिसलं की त्या झालरीतून वायू बाहेर वाहतो. 'उपच्छाया' या शब्दातून यातलं काहीच कळत नाही.

प्रश्न: मग 'सौरठिपका' का नको?

उत्तर: ठिपका रांगोळीचा, गोल, सुटा, आखून दिलेला. डाग वेडेवाकडे, बहुधा जोडीने किंवा घोळक्याने येतात. दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडून बघा (दुर्बिणीला डोळा कधीच लावू नका). बिंब कागदावरून हळूहळू सरकत जातं, डाग त्याच्याबरोबर सरकतात. जे जागचं हलत नाही ते नेत्रिकेवरच्या, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगावरच्या, धुळीचं. त्याला खुशाल ठिपका म्हणा.