चॉकलेट-मिंट कुकीजचा पुडा : पुढची बाजू आणि मागची बाजू

मोरपंखी (धागाकर्ती)

चॉकलेट-मिंट कुकीजचा कुठलाही पुडा हातात घ्या. पुढच्या बाजूला वितळलेल्या चॉकलेटची धार, हिरवीगार पानं आणि 'अस्सल कोको'सारखं काहीतरी ठळक अक्षरांत. आता तोच पुडा उलटा करा आणि बारीक अक्षरं वाचा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिली तीन नावं बहुतेक वेळा मैदा, साखर आणि पाम किंवा पाम कर्नेल तेल हीच निघतात. कोको पावडर त्यानंतर येते. पेपरमिंटचं तेल तर यादीच्या अगदी शेपटाला, मीठ आणि सोड्याच्या शेजारी.

साखरेची आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. 'साखर' एकदा येते, मग पुढे इन्व्हर्ट सिरप येतं, ग्लुकोज सिरप येतं, कधी डेक्स्ट्रोज येतं. शरीराच्या दृष्टीने ही सगळी एकाच घरची मंडळी, पण वेगवेगळी लिहिल्यामुळे प्रत्येकाचं वजन कमी भरतं आणि पहिला क्रमांक मैद्याकडे राहतो.

माझं म्हणणं असं आहे की हा पदार्थ चॉकलेट आणि पुदिन्याच्या नावावर विकला जातो आणि पोटात जातो तो मैदा, साखर आणि घट्ट तेलाचा ऐवज. खायला माझी हरकत नाही. पण अख्ख्या पुड्यात साखर किती आणि सॅच्युरेटेड फॅट (संपृक्त मेद) किती, हे पुढच्याच बाजूला, चॉकलेटच्या चित्राइतकंच ठळक छापलं गेलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

कडूगोड

साफ असहमत. कुकी हा खाऊ आहे. त्यात साखर असते आणि तेल असतं, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. माणूस दिवसभर सगळं मोजूनमापून खातो आणि रात्री दोन कुकीज हौसेने खातो, तिथेही तुम्ही तक्ता घेऊन उभ्या राहणार का? अन्नाकडे सतत संशयाने बघण्याने जो ताण येतो त्याचा विचार कुणीच करत नाही. माझ्या घरात एका व्यक्तीने लेबलं वाचता वाचता खाणंच सोडत आणलं होतं. त्यामुळे हा विषय मला हलका वाटत नाही.

मोरपंखी

कडूगोड, तुमचा शेवटचा मुद्दा मी गंभीरपणे घेते. पण भीती बारीक अक्षरांतून जास्त वाढते, असं मला वाटतं. आकडा समोर स्पष्ट असला की माणूस ठरवतो आणि मोकळा होतो.

भट्टीकर

बेकरी उत्पादनात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. धाग्याचा रोख अजून तरी 'केमिकल'वर नाही, हे बरं आहे, पण अशा चर्चा तिकडेच घसरतात. म्हणून आधीच सांगतो.

घटकांच्या यादीत मिसळलेल्या पदार्थांचे जे क्रमांक दिसतात त्यांना घाबरण्यासारखं फारसं काही नसतं. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं. ५०० म्हणजे खाण्याचा सोडा. ५०३ म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. हे पातळ, कोरड्या बिस्किटातच वापरतात, कारण भट्टीत त्याचा वायू होऊन तो बाहेर निघून जातो आणि मागे काही उरत नाही. जाड केकमध्ये वापरलं तर अमोनियाचा वास आत कोंडतो, म्हणून तिथे कुणी वापरत नाही. ४७६ हे एरंडेलातल्या मेदाम्लांपासून आणि ग्लिसरीनपासून बनवलेलं असतं. कुकी पट्ट्यावरून पुढे सरकते तेव्हा तिच्यावर पातळ चॉकलेटचा पडदा सतत पडत असतो. तो पडदा सलग आणि एकसारखा पडावा, गठ्ठे होऊ नयेत, म्हणून चिमूटभर ४७६ लागतं. तेच काम करायला नाहीतर जास्तीचं कोको बटर घालावं लागेल.

आणि कुकी महिनोन्महिने टिकते ती प्रिझर्व्हेटिव्हमुळे, हाही गैरसमज आहे. भाजून तिच्यातला ओलावा दोन-चार टक्क्यांवर आणलेला असतो. एवढ्या कोरड्या जागी बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला पाणीच मिळत नाही. पुढे ती बिघडते ती तेल खवट होऊन किंवा हवा लागून मऊ पडून.

आता वरच्या थराबद्दल. अस्सल चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं. ते नीट गोठवायचं तर ठरावीक तापमानाला आणून हळूहळू खाली न्यावं लागतं, नाहीतर वर पांढरट पापुद्रा येतो. कोको बटर महागही असतं. म्हणून बहुतेक कुकीजवर कोको पावडर आणि पाम कर्नेल तेलाचा थर देतात. तो लगेच घट्ट होतो आणि चमक धरतो. त्याला अनेक ठिकाणी नुसतं 'चॉकलेट' म्हणायची परवानगी नसते, म्हणून पुड्यावर 'चॉकलेटी' किंवा 'चॉकलेटच्या चवीचं आवरण' असं लिहिलेलं सापडेल. यात फसवणूक नाही. वाचलं तर सगळं लिहिलेलंच आहे.

मोरपंखी

भट्टीकर, क्रमांकांबद्दल तुम्ही लिहिलंत ते पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप त्यांच्यावर कधीच नव्हता. लेसिथिनने कुणाचं वजन वाढलेलं मी ऐकलेलं नाही. पण आवरणाबद्दल तुम्ही जे सांगितलंत तोच तर माझा मुद्दा. पुढच्या बाजूचं चित्र चॉकलेटचं आणि मागे 'चॉकलेटच्या चवीचं'. वाचलं तर कळतं हे खरं, पण मग न वाचणाऱ्यासाठी ते चित्र कशाला?

सरळरेषा

मला पोषणाच्या तक्त्यातला 'एका वेळचं प्रमाण' हा रकाना सगळ्यात जास्त खटकतो. अशा कुकीजचं साधारण चित्र घ्या. एका वेळचं प्रमाण ३० ग्रॅम, म्हणजे तीन-चार कुकीज. त्यात ७ ग्रॅम फॅट, २० ग्रॅम कर्बोदकं, दीड ग्रॅम प्रथिनं. फॅटच्या प्रत्येक ग्रॅमला ९ आणि बाकी दोघांना ४ किलोकॅलरी धरल्या की ६३ अधिक ८० अधिक ६, म्हणजे जवळपास १५०. त्या २० ग्रॅम कर्बोदकांत साखर ११ ग्रॅमच्या आसपास. ऐकायला काहीच वाटत नाही.

आता पुडा १५० ग्रॅमचा धरा. ७५० किलोकॅलरी, ५५ ग्रॅम साखर, ३५ ग्रॅम फॅट आणि त्यातलं २२ ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेल्या आणि मध-रस-सिरपातल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी ही मर्यादा ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम अशी होते. म्हणजे एक पुडा संपला की वरची मर्यादाही ओलांडली. कमी खाणाऱ्या लहान मुलाचा हिशोब तर त्याहून लवकर भरतो.

अख्ख्या पुड्याचा आकडा छापायला हवा, या मागणीला माझा पाठिंबा.

कडूगोड

अख्खा पुडा एका बैठकीत कोण संपवतं?

सरळरेषा

पुष्कळ जण. फोडला की बंद करता येत नाही अशीच बहुतेक पुड्यांची बांधणी असते. आतला ट्रे बाहेर ओढला की रांगच्या रांग समोर येते.

जाईजुई

मी घरी कुकीज भाजते आणि मला 'पाकिटातलं वाईट, घरचं चांगलं' हा सूर अजिबात पटत नाही. अजून इथे कुणी तसं म्हटलं नाहीये, पण येईलच. घरच्या कुकीतही मैदा, साखर आणि लोणी हेच तीन मोठे वाटेकरी असतात. १०० ग्रॅम लोण्यात ५० ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट असतं. १०० ग्रॅम घरच्या कुकीजची ऊर्जा ४५० ते ५०० किलोकॅलरीच्या घरात जाते, पाकिटातल्यांच्या जवळपास तेवढीच. मग नुसत्या पामतेलाला शिव्या का? पामतेलातही सॅच्युरेटेड फॅट साधारण निम्मंच असतं.

मोरपंखी

जाईजुई, पिठातल्या तेलापुरतं तुमचं बरोबर आहे. पण वरच्या थरात पामतेल नसतं, पाम कर्नेल तेल असतं. पहिलं फळाच्या गराचं, दुसरं आतल्या बीचं. नाव सारखं असलं तरी दुसऱ्यात सॅच्युरेटेड फॅट ८० टक्क्यांच्या आसपास असतं, लोण्याहूनही बरंच जास्त. त्यात मुख्य वाटा लॉरिक आम्ल या मेदाम्लाचा, आणि ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढवतं. उलट अस्सल कोको बटरमध्ये जे सॅच्युरेटेड असतं त्यातला मोठा भाग स्टिअरिक आम्ल या दुसऱ्या मेदाम्लाचा, ज्याचा एलडीएलवर फारसा परिणाम दिसत नाही. म्हणजे कोको बटर काढून तिथे पाम कर्नेल घातलं की चव तर बदलतेच, शिवाय पोषणाचा ताळेबंदही वाईटाकडे झुकतो. हे समोरच्या चित्रावरून कुणाला कळणार?

जाईजुई

हा फरक पटला. तरी लॉरिक आम्ल एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉलही वाढवतं, तेही सांगायला हवं होतं. आणि एका कुकीवर थर असतो तरी केवढासा?

भट्टीकर

थर अगदीच केवढासा नसतो. पूर्ण बुडवलेल्या पातळ कुकीत वजनाचा बऱ्यापैकी भाग आवरणाचा असतो. हे मला मोरपंखींच्या बाजूने लिहावं लागतंय, पण खरं ते खरं.

पाऊलवाट

कोकोच्या गुणांबद्दल कुणीच बोललं नाही. कोकोत फ्लॅव्हनॉल्स नावाची वनस्पतिजन्य संयुगं असतात, ती रक्तवाहिन्यांना चांगली, म्हणून मी चॉकलेट कुकीज साध्या बिस्किटांपेक्षा बऱ्या समजतो.

भट्टीकर

पाऊलवाट, घटकांच्या यादीत 'अल्कलीने प्रक्रिया केलेला कोको' असं लिहिलंय का ते पाहा. कोकोचा आंबट-तुरटपणा घालवायला आणि रंग गडद करायला ही प्रक्रिया करतात, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. काळ्याभोर कुकीचा रंग तिच्यामुळेच येतो. पण तिच्यात फ्लॅव्हनॉल्स मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. रंग जितका काळा तितकी प्रक्रिया जास्त. फ्लॅव्हनॉल्ससाठी कुकी खाऊ नका. आवडते म्हणून खा.

सरळरेषा

मिंटबद्दल माझा एक तर्क आहे. नुसतं गोड खाताना काही वेळाने जीभ कंटाळते आणि हात आपोआप थांबतो. पेपरमिंटमधलं मेंथॉल तोंडातल्या थंडी ओळखणाऱ्या टीआरपीएम८ या ग्राहीला (पेशीवरच्या संवेदकाला) चाळवतं. तापमान तेच असतं, पण गार वाटतं. त्यामुळे प्रत्येक घासानंतर तोंड स्वच्छ झाल्याचा भास होतो आणि पुढची कुकी पहिल्यासारखीच लागते. मला वाटतं, मिंटच्या कुकीज जास्त खाल्ल्या जातात त्या यामुळे.

कडूगोड

सरळरेषा, आकड्यांच्या बाबतीत तुम्ही इतके काटेकोर, मग इथे नुसत्या 'मला वाटतं'वर कसे काय? उलटही म्हणता येईल. दात घासल्यावर तोंडात मिंट असताना काहीच खावंसं वाटत नाही. माझा तरी अनुभव असा की मिंटच्या दोन कुकीज पुरतात, साध्या चॉकलेटच्या पुरत नाहीत.

सरळरेषा

तर्क म्हणूनच लिहिलं होतं, आग्रह नाही.

वाचनवेडी

२०१९ मध्ये अमेरिकेतले पोषण-संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने केलेला प्रयोग इथे यायलाच हवा. २० जणांना संशोधन संस्थेत ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त (कारखान्यात बरीच प्रक्रिया करून बनवलेलं) जेवण दिलं आणि दोन आठवडे साधं. समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, फॅट, तंतू आणि ऊर्जा दोन्हीकडे जुळवलेली होती आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त जेवणावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचं वजन वाढलं. पाकिटातली कुकी याच गटात मोडते. तेव्हा घरची आणि बाहेरची कुकी सारखीच, हे मला मान्य नाही.

जाईजुई

प्रयोग महत्त्वाचा आहे, वादच नाही. पण २० माणसं आणि दोन-दोन आठवडे. शिवाय तो पूर्ण आहाराबद्दल होता, एका कुकीबद्दल नाही. त्यात लोक प्रक्रिया केलेलं अन्न भराभर खात होते, हेही दिसलं होतं. घरची खुसखुशीत कुकीसुद्धा भराभरच खाल्ली जाते. खरा फरक मला वेगळाच दिसतो. घरी कुकीज संपल्या की पुन्हा पीठ मळावं लागतं, भट्टी तापवावी लागते. पुड्याच्या बाबतीत दुसरा पुडा कपाटात तयार असतो.

पाऊलवाट

मग 'साखर न घातलेल्या' मिंट कुकीजचं काय? मला मधुमेहाची सुरुवात आहे, म्हणून मनापासून विचारतोय.

मोरपंखी

पाऊलवाट, त्यांत बहुधा माल्टिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो. साखरेच्या साधारण निम्मी ऊर्जा त्यातही आहेच, आणि रक्तातली साखर ते कमी वाढवत असलं तरी वाढवतंच. जास्त खाल्लं तर पोट फुगतं, जुलाबही होतात. आणि मैदा जागच्या जागी असतो, तो पचून ग्लुकोजच होतो. तक्त्यात 'साखर'च्या ओळीवर थांबू नका, एकूण कर्बोदकांची ओळ वाचा. प्रमाण किती ठेवायचं ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

कडूगोड

हा प्रतिसाद उपयोगी आहे, आणि तक्ता वाचायला शिकवावं या मताचा मीही आहे. माझा विरोध पुढच्या बाजूवर ठळक इशारे छापण्याला आहे, तो कायम. पुढे लाल आकडा आला की आई-बाप मुलाच्या हातून पुडा काढून घेतात आणि मूल लपून खायला शिकतं.

मोरपंखी

मी लाल रंग मागितलेला नाही, कडूगोड. 'या पुड्यात ५५ ग्रॅम साखर' एवढी एक ओळ, कोकोच्या शिक्क्याशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत. ती ओळ वाचून मुलाच्या हातून पुडा काढून घ्यायचा की त्यातल्या दोन कुकीज काढून द्यायच्या, ते ज्याच्या त्याच्या घराने ठरवावं.

भट्टीकर

एका ओळीला कारखान्यात काहीही अडचण नाही. पुड्याचं वेष्टण नाहीतरी दर थोड्या दिवसांनी नव्याने छापलं जातं. पुढचं चित्र बदलायला लावलंत तर मात्र जोरदार विरोध होईल, कारण विक्री त्या चित्रावर चालते.