अनुभव धागा: नेहमीच्या वाटेबाहेरचा कुठला नवा अल्बम तुम्ही पुन्हा पुन्हा लावता?

मंडळी, गेल्या दोन-तीन वर्षांत आलेला, चालू गाण्यांच्या गर्दीबाहेरचा एखादा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकलात आणि संपल्यावर परत लावलात, असं झालंय का? इंडी म्हणा, लॅटिन म्हणा, अल्टरनेटिव्ह म्हणा. सुटं गाजलेलं गाणं नको, अख्खा अल्बम हवा. याद्या वर्षअखेरीस ढिगानं येतात, त्यामुळे नुसतं नाव टाकून पळू नका. काय ऐकलंत, कुठे अडलात, कान कुठे टवकारले, ते लिहा.

सुरुवात मी करते. माबे फ्राती, 'सेन्तिर के नो साबेस', २०२४. ही ग्वाटेमालाची चेलोवादक, राहते मेक्सिको सिटीत. चेलो म्हटलं की आपल्या डोक्यात गजानं काढलेला लांब, उदास स्वर येतो. इथे पहिल्याच 'क्राविट्झ' गाण्यात ती चेलो बोटांनी छेडते आणि तो बेस गिटारसारखा ठणठणीत वाजतो. मागून ट्रम्पेट येतो, जरा वाकडाच. गाणी बेतानं बांधलेली आहेत, पण वाजवताना कडा मुद्दाम खरबरीत ठेवल्यात. मला स्पॅनिश येत नाही. पहिले काही दिवस मी शब्दांच्या भानगडीत पडलेच नाही, आणि काही अडलंही नाही. नंतर भाषांतर शोधलं, तेव्हा गाणी वेगळी वाटली; जास्त चांगली की कमी, हे अजून ठरत नाही.

आता तुम्ही.

*

चौथी_मात्रा:

सगळे म्हणतील यात 'वाटेबाहेरचं' काय, पण लिहितोच. प्वेर्तो रिकोचा जगभर गाजलेला बॅड बनी, 'देबी तिरार मास फोतोस', जानेवारी २०२५.

मी तबला शिकतो. त्यामुळे कुठलंही गाणं लागलं की हात आपोआप सम शोधतो. या अल्बममधल्या 'बाइले इनोल्विदाब्ले' या साल्सानं (लॅटिन नाचाचं संगीत) माझा हात पार गोंधळवला. साल्सात बेस गिटार पहिल्या मात्रेवर येतच नाही. तो आदल्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेवर पडतो आणि तिथून स्वर तसाच पुढे ओढून पहिली मात्रा गिळून टाकतो. म्हणजे आपण जिथे समेची वाट बघत बसतो, तिथे बेसवाला मुद्दाम गप्प! वर क्लावेच्या दोन काठ्यांचा ठेका, एका बाजूला तीन ठोके, दुसऱ्या बाजूला दोन. हे एकदा कळलं की त्या गाण्यात शरीर पुढे का झुकतं, याचा उलगडा होतो. हे वाजवणारे स्टुडिओतले मुरलेले वादक नाहीत, प्वेर्तो रिकोच्या सरकारी संगीत शाळेतले विद्यार्थी आहेत. ऐकताना पटत नाही.

पण माझं सगळ्यात आवडतं म्हणजे 'काफे कोन रोन'. त्यात 'लोस प्लेनेरोस दे ला क्रेस्ता' हा गट प्लेना हे तिथलं लोकसंगीत वाजवतो. प्लेनात हातात धरायचे तीन डफ असतात, लहान-मोठे. मोठा ठेका धरून ठेवतो, मधला त्याला उत्तर देतो आणि सर्वांत लहान, उंच आवाजाचा रेकिंतो मोकाट सुटतो. एकानं ठेका सांभाळायचा म्हणजे दुसऱ्याला उधळता येतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही वादकाला समजावून सांगावं लागणार नाही. प्लेनाची मोठी बहीण बोंबा. तिच्यात तर नाचणारी बाई ढोलावाल्याला हुकूम करते. ती जशी पावलं टाकेल, स्कर्ट झटकेल, तसा मुख्य ढोलावाल्यानं तिथल्या तिथे ठोका द्यायचा.

रेगेटॉन, म्हणजे त्याचं नेहमीचं ठेकेबाज नाचाचं संगीत, आवडत नाही म्हणून हा माणूस टाळणाऱ्यांनी मधली तीन-चार गाणी सोडून द्या हवं तर. मीही सोडतो.

*

उजवा_इअरफोन:

वरच्याला +१. 'नुएवायोल' सुरू होतं ते 'एल ग्रान कोंबो'च्या जुन्या साल्साच्या तुकड्यानं, आणि बघता बघता त्याचा देंबो, म्हणजे आजच्या नाचाचा धडधडता ठेका, होतो. आजोबांची तबकडी नातवानं पळवली, असा मामला. आणि 'लो के ले पासो आ हवाई' मात्र नाचायचं नाही. हवाईचं जे झालं ते आपल्या प्वेर्तो रिको बेटाचं होऊ नये, जमीन आणि किनारे हातचे जाऊ नयेत, असं सांगणारं गाणं आहे. ग्रॅमीचा 'अल्बम ऑफ द इयर' २०२६ मध्ये याला मिळाला. पूर्ण स्पॅनिश अल्बमला पहिल्यांदाच.

*

जुनी_तबकडी:

मी वयानं तुम्हा बहुतेकांहून मोठा असेन. नवीन संगीत ऐकायचं मी जवळजवळ सोडलंच होतं, मुलीनं लाफुर्कादबाईंचा दुवा पाठवला आणि म्हणाली, "बाबा, हे टेपवर रेकॉर्ड केलंय, तुम्हाला आवडेल."

नातालिया लाफुर्काद, मेक्सिकोच्या. 'दे तोदास लास फ्लोरेस' २०२२ चा आहे, म्हणजे तुमच्या दोन-तीन वर्षांत बसत नाही, पण तिथूनच सुरुवात करा. सगळे वादक एका खोलीत, चुंबकीय टेपवर, समोरासमोर बसून वाजवताहेत. गिटारवर मार्क रिबो. आज संगणकावर प्रत्येक वाद्य वेगळं रेकॉर्ड करतात आणि मग सूर-ताल रेषेत आणून ठेवतात. त्यात चूक राहत नाही हे खरं, पण कुणी कुणाची वाट बघत थांबलंय असंही कुठे ऐकू येत नाही. इथे गायिका श्वास घेते तेव्हा पियानोवाला थांबतो. ते थांबणं ऐकण्यासाठी मी तो अल्बम लावतो. मृत्यू, बाग, विरह, असे विषय, पण रडवं काही नाही.

त्यानंतर २०२५ मध्ये 'कान्सिओनेरा' आला. तोही टेपवर, एका दमात घेतलेला. हा जास्त नाटकी, जुन्या बोलेरोंच्या, म्हणजे संथ प्रेमगीतांच्या, चालीचा. मला पहिलाच जास्त भावतो. मुलीला दुसरा. यावर आमचं एकमत व्हायची चिन्हं नाहीत.

*

काळी_चार:

@जुनी_तबकडी, काका, तुम्हाला सिल्वाना एस्त्रादा नक्की आवडेल. तीही मेक्सिकोची, वेराक्रूसकडची. आई-वडील दोघंही वाद्यं बनवणारे. ती व्हेनेझुएलाचं चार तारांचं कुआत्रो घेऊन गाते. 'मार्चिता' (२०२२) बहुतेक जागी नुसतं कुआत्रो आणि गळा. ऑक्टोबर २०२५ च्या 'वेन्द्रान सुआवेस युव्हिआस'मध्ये तंतुवाद्यांचा ताफा आहे, पण गळ्यावर कुरघोडी होत नाही. मी गाणं शिकते, म्हणून माझं लक्ष तिच्या स्वर सोडण्याकडे जातं. ओळीच्या शेवटी ती स्वर कापत नाही, त्यावर कंपही चढवत नाही, हळूच पातळ करत नेते. करून बघा, किती कठीण आहे ते.

अवांतर: २०२२ च्या लॅटिन ग्रॅमीत 'सर्वोत्कृष्ट नवोदित' पुरस्कार तिला विभागून मिळाला होता. दुसऱ्या नवोदित आंखेला आल्वारेस, वय ९५!

*

रात्रपाळी:

रात्रपाळीत संगणकाकडे बघत बसायचं काम. त्यामुळे लांबलचक अल्बम लागतात. सिंडी ली, 'डायमंड ज्युबिली', २०२४. बत्तीस गाणी, दोन तास. पॅट्रिक फ्लेगेल या कॅनडातल्या कलाकाराचं हे दुसरं रूप. आधी 'विमेन' नावाच्या बँडमध्ये होता. गंमत अशी की अल्बम आला तेव्हा कुठल्याही स्ट्रीमिंग ॲपवर नव्हता. यूट्यूबवर दोन तासांची एक सलग फाइल आणि नव्वदच्या दशकात शोभेल अशा एका वेबपानावरून डाउनलोड. बस. जाहिरात नाही, काही नाही. तरी तोंडी तोंडी पसरला.

ऐकायला कसा? साठच्या दशकातली मुलींच्या बँडची गाणी शेजारच्या घरातल्या बिघडक्या रेडिओवर लागलीत आणि मधली भिंत जाड आहे, असा. गिटार मात्र लख्ख. सुरुवातीला मला वाटलं, एवढी गाणी कशाला, निम्मी कापायला हवी होती. आता वाटतं, यातलं कुठलं गाणं कितवं आहे ते आठवत नाही हेच बरं आहे. सलग फाइल असल्यामुळे पुढे ढकलायचा मोह होत नाही.

*

बेसूर_पण_हौशी:

स्पेनच्या रोझालिआचा 'लुक्स' (नोव्हेंबर २०२५) अजून कुणी लिहिला नाही? लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, चार भाग, तेराएक भाषांतून गायन, विषय वेगवेगळ्या काळातल्या संत स्त्रिया. 'बर्गहाइन'मध्ये जर्मन वृंदगान, मग आइसलँडची गायिका ब्यर्क येते, मग इव्ह ट्यूमर हा आणखी एक पाहुणा आवाज. मी पहिल्यांदा ऐकताना उभीच राहिले.

*

अधूनमधून:

@बेसूर_पण_हौशी, तुमच्या उत्साहाला विरजण लावायचं नाही, पण मला 'लुक्स' जड गेला. प्रत्येक गाणं शिखरावरच सुरू होतं, मग चढायचं कुठे? तिचाच २०१८ चा 'एल माल केरेर' बघा. तेराव्या शतकातल्या ऑक्सितान (दक्षिण फ्रान्सची जुनी भाषा) कथेवर बेतलेला, फ्लेमेंको या स्पॅनिश नाच-गाण्याच्या टाळ्या आणि थोडी इलेक्ट्रॉनिक कारागिरी, एवढ्याच सामानात अख्खी गोष्ट सांगितली. त्या टाळ्यांत जो ताण होता तो मला पूर्ण ऑर्केस्ट्रात सापडला नाही.

*

बेसूर_पण_हौशी:

शिखराबद्दल बोलताय ते काही गाण्यांपुरतं मान्य. पण 'मिओ क्रिस्तो पियांजे दियामान्ती' हेडफोन लावून, अंधारात नव्हे, हातात इटालियन ओळींचं भाषांतर घेऊन ऐका. तिथे ती ऑर्केस्ट्राच्या वर चढत नाही, आत शिरते. परत बोलू.

*

उजवा_इअरफोन:

इंग्रजीतलं कुणीच लिहीत नाहीये, म्हणून मी.

गीज हा बँड, 'गेटिंग किल्ड', सप्टेंबर २०२५. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनची पोरं. गायक कॅमरन विंटर सुरात गातो की नाही यावर मित्रांची दोन टोळकी पडलीत. माझं मत, तो सूर माहीत असूनच त्याच्या कडेकडेनं चालतो. निर्माता हिप-हॉपमधला, केनेथ ब्लूम, त्यामुळे ड्रम पुढे आणि कोरडे. पहिल्याच गाण्यात असा काही आरडाओरडा आहे की घरच्यांसमोर लावू नका. त्याचा एकट्याचा 'हेवी मेटल' (डिसेंबर २०२४) नावाला भुलू नका, पियानोवरची गाणी आहेत.

आणि वेन्सडेचा 'ब्लीड्स', तोही सप्टेंबर २०२५ चा. नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलचा बँड. गर्जणाऱ्या गिटारींच्या मधोमध पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार) रडते, हे मिश्रण मला दुसरीकडे असं मिळालं नाही. कार्ली हार्ट्झमन गाण्यात गावगप्पा सांगते. कोण कुठे बुडालं, कुणाला काय सापडलं. त्यांचा गिटारवाला एमजे लेंडरमन, त्याचा 'मॅनिंग फायरवर्क्स' (२०२४) वेगळा ऐका. फजिती झालेल्या पुरुषांवर इतकं कोरडं लिहिणारा दुसरा माहीत नाही.

*

काळी_चार:

'ब्लॅक कंट्री, न्यू रोड' या ब्रिटिश बँडचा 'फॉरएव्हर हाउलाँग' (२०२५). मुख्य गायक २०२२ च्या सुरुवातीला, दुसरा अल्बम यायला काही दिवस असताना बाहेर पडला. उरलेल्यांनी नवा गायक शोधला नाही. टायलर हाइड, जॉर्जिया एलरी आणि मे कर्शॉ या तिघींनी लिहिणं-गाणं वाटून घेतलं. जुना बँड डोक्यात ठेवून ऐकलात तर हिरमोड होईल.

*

चौथी_मात्रा:

ताल-वेड्यांसाठी दोन.

बेथ गिबन्स, 'लाइव्ह्ज आउटग्रोन', २०२४. पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडची गायिका. पहिला एकटीचा अल्बम, दहाएक वर्षं घेतलेला. ड्रमवादक ली हॅरिसनं नेहमीचा ड्रमसेट बाजूला ठेवून मिळेल ते बडवलंय, पडद्यांनी भरलेलं खोकंसुद्धा. त्यामुळे ठोका लागतो पण घुमत नाही. वय होणं, आप्त जाणं, यावरची गाणी आहेत. त्यांना घुमणारा ठोका शोभलाच नसता.

दुसरा 'लोस थुथानाका', २०२५, बँडकँप या संकेतस्थळावर मिळेल. अँडीजमधल्या आयमारा या मूळ रहिवासी समाजाची दोन भावंडं. अँडीजमधले उआइन्यो, कापोरालसारखे नाचाचे ठेके, त्यावर फाटलेल्या आवाजाची गिटार, आणि रेडिओवरच्या डीजेसारखे मध्येच येणारे आवाज. कर्णकर्कश आहे, आधीच सांगतो. आवाज कमी ठेवून सुरू करा. दहाएक मिनिटं तोच ठेका फिरत राहिला की त्या कल्लोळात बारीक बारीक सुरावटी दिसायला लागतात.

*

अधूनमधून:

मी तक्रारीच करते असं नको वाटायला, म्हणून हुआना मोलिना, 'दोगा', नोव्हेंबर २०२५. आधीचा 'हालो' २०१७ चा होता, म्हणजे आठ वर्षांनी. ही बाई एके काळी अर्जेंटिनाच्या टीव्हीवरची लाडकी विनोदी नटी. चालता कार्यक्रम सोडून गाण्याकडे वळली. एक छोटी सुरावट लूपमध्ये फिरत ठेवते आणि तिच्यावर दुसरी अशी चढवते की कधी कधी दोन्हींची लांबी सारखी नाही असं वाटतं. भांडी घासताना लावायच्या योग्यतेचा नाही. हात थांबतात.

*

जुनी_तबकडी:

सिल्वाना ऐकली. @काळी_चार, आभार. 'मार्चिता' दोनदा लागोपाठ लावला, मुलीला काही सांगितलेलं नाही.

एक विचारायचं होतं. शब्दच नसलेलं काही सुचवाल का? सकाळी वाचताना लावायला.

*

रात्रपाळी:

एर्मानोस गुतिएरेस, 'सोनिदो कॉस्मिको', २०२४. दोघे भाऊ, वडील स्विस, आई इक्वाडोरची. एकाकडे गिटार, दुसऱ्याकडे लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवायची गिटार), गाणं अजिबात नाही. निर्माता डॅन आउरबाख. आवडला तर आधीचा 'एल बुएनो ई एल मालो' (२०२२) आहेच. पण काका, वाचन होणार नाही, सांगून ठेवतो.