मदत हवी आहे: छोट्या शिशू वर्गाचे पहिले पंधरा दिवस

नमस्कार ताई-दादा. यंदा पहिल्यांदाच छोटा शिशू (बालवाडीचा वर्ग) शिकवायला मिळालाय. २४ मुलं, मी आणि एक मावशी. शाळा सुरू होऊन आठवडा झाला, पण अजून निम्मी रडतात. एक जण तर डबा छातीशी धरून खिडकीच्या गजाला चिकटून उभा असतो, चप्पलसुद्धा काढू देत नाही.

कणकेचा गोळा दिला की मात्र सगळी गप्प! साप, पोळ्या, लाडू, सगळं होतं. चिंचोके आणि राजमा वेगळे करायला दिले, तर एकाने चिंचोका थेट नाकात घातला (निघाला, पण माझा जीव गेला होता). आता मोठी बुचं वापरतेय. बडबडगीत फार तर पाच मिनिटं टिकतं.

त्यात पालक विचारतात, 'अजून अ आ इ लिहून घेतलं नाही?' राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही या वयाला खेळातून शिकणंच सांगितलंय, पण दारात उभं राहून हे कसं पटवायचं?

तर, २४ जणांना एकाच वेळी गुंतवणारे, बिनखर्चाचे खेळ सुचवा. आणि त्या गजवाल्याचं काय करू? आईला थोडा वेळ वर्गात बसवावं का, की त्याने सवय आणखी लांबेल?