अमेरिकन गोल्ड ईगल : सोनं म्हणून घ्या, 'दुर्मिळ नाणं' म्हणून नको

एडिसनकर

पाडव्याच्या कार्यक्रमानंतर आमच्या मंडळातल्या दोन कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला. टीव्हीवर सोन्याच्या नाण्यांच्या जाहिराती येतात, तर पैसे टाकावेत का? तिथे जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं मत : अमेरिकन गोल्ड ईगल, म्हणजे अमेरिकी सरकारचं सोन्याचं नाणं, जरूर घ्या, पण ज्या वर्षाचा स्वस्त मिळेल तो साधा घ्या. प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेला, 'ग्रेड ७०', 'पहिल्या दिवसांतलं उत्पादन' अशी चिठ्ठी लावलेला घेऊ नका. सोन्याच्या भावावर आपण जे जास्तीचे डॉलर मोजतो, ते विकताना परत मिळतात की नाही, गुंतवणूकदाराने फक्त एवढंच बघायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : १९८५ च्या कायद्याने अमेरिकी सरकारला हे नाणं काढायला परवानगी मिळाली आणि १९८६ पासून ते बाजारात आहे. एक औंस, अर्धा, पाव आणि दशांश अशी चार मापं. एक औंसाच्या नाण्यावर ५० डॉलर छापलेले असतात, पण किंमत ठरते ती सोन्याच्या भावावर. टांकसाळ ही साधी नाणी तुम्हा-आम्हाला थेट विकत नाही. ठरावीक घाऊक खरेदीदार ती उचलतात, त्यांच्याकडून डीलरकडे जातात आणि तिथून आपल्याकडे येतात. थेट टांकसाळीकडून मिळतात ती प्रूफ (आरशासारखी चकचकीत पाडलेली) आणि संग्राहकांसाठीची खास नाणी, पण त्यांची किंमत बरीच चढी.

आता माझा अनुभव. एप्रिल २०११ मध्ये सोनं औंसाला साधारण १,५०० डॉलरवर होतं. मी फोनवर एका डीलरकडून ग्रेड ७० चं एक औंसाचं नाणं १,९५० ला घेतलं. तिथला माणूस फार गोड बोलला. "ही ग्रेड पुढे मिळणार नाही" असं दोन-तीनदा म्हणाला. तसंच साधं नाणं त्याच आठवड्यात १,५७० च्या आसपास मिळत होतं, हे मला नंतर कळलं. ऑगस्ट २०२० मध्ये सोन्याने २,००० ओलांडले तेव्हा मी ते विकायला काढलं. ज्याच्याकडे नेलं त्याने डबीवरची चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही. वजन केलं, कडा पाहिली आणि सोन्याच्या भावाला २,००० सांगितले. सोनं ५०० डॉलरनी वाढलं, माझ्या हाती नऊ वर्षांत आले ५०. बाकीचे त्या चिठ्ठीने खाल्ले.

'७०' म्हणजे भिंगाखाली एकही दोष न दिसणारं नाणं. ऐकायला फार मोठं वाटतं. पण टांकसाळीतून थेट डबीत गेलेल्या आजच्या नाण्यांपैकी बहुतेकांना ६९ किंवा ७० च मिळतात. जे दरवर्षी ढिगाने निघतं ते दुर्मिळ कसं?

टांकसाळवेडा

दादा, तुमचं नुकसान झालं याचं मला खरंच वाईट वाटतं. पण त्यावरून 'नाणं म्हणून घेऊच नका' असं सांगताय, ते मला पटत नाही. नुसतं सोनंच हवं असेल तर बिस्किट घ्या, ते नाण्यापेक्षा स्वस्त पडतं. नाणं घ्यायचं ते त्यावरच्या कामासाठी.

ईगलच्या दर्शनी बाजूची स्वातंत्र्यदेवता ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराची, त्याच्या १९०७ च्या २० डॉलरच्या सोन्याच्या नाण्यावरून घेतलेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना देशाची नाणी प्राचीन ग्रीक नाण्यांसारखी उठावदार हवी होती, म्हणून त्यांनी हे काम त्याच्याकडे दिलं. तेव्हा तो कर्करोगाने आजारी होता. नाणं लोकांच्या हातात पडायच्या आधीच, ऑगस्ट १९०७ मध्ये तो गेला. त्याने केलेला उठाव इतका खोल होता की एकेक नाणं अनेकदा दाबावं लागे. रोजच्या चलनासाठी ते परवडेना, म्हणून मुख्य कोरीवकार चार्ल्स बार्बरने उठाव उतरवला. त्या पहिल्या खोल उठावाच्या नाण्यावर साल रोमन आकड्यांत आहे. पुढे १९८६ ते १९९१ च्या ईगलवरही साल रोमन आकड्यांतच घातलं ते त्याचीच आठवण म्हणून. १९८६ चं नाणं आडव्या उजेडात धरून बघा, देवतेच्या झग्याच्या चुण्या बोटाला लागतील असं वाटतं. हे सगळं सोडून नुसता औंसाचा भाव बघायचा?

राहिली ग्रेडची गोष्ट. डबी विकत घेणं म्हणजे संग्रह नव्हे, इथे मी तुमच्याच बाजूचा. संग्राहक अभ्यास करतो. १९९९ ची पाव आणि दशांश औंसाची काही साधी नाणी वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीत चुकून प्रूफच्या अपुऱ्या तयार साच्यांवर निघाली. त्यांच्यावर साध्या नाण्यावर असू नये असं वेस्ट पॉइंटचं 'डब्ल्यू' हे अक्षर आहे. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांनी डीलरच्या ट्रेमधून सोन्याच्या भावाने ती निवडून काढली. तसंच १९९५ चं : दहाव्या वर्धापनाचा पाच नाण्यांचा संच ९९९ डॉलरला होता आणि त्यात 'डब्ल्यू'चा चांदीचा ईगल जोडून दिला होता. चांदीचं ते नाणं निघालं फक्त ३०,१२५. आज संग्राहक संचातल्या सोन्याआधी त्याची चौकशी करतात.

मिशिगनचे मामा

जाहिरातीतला एक मुद्दा मात्र मला पटलेला आहे. १९३३ मध्ये सरकारने लोकांचं सोनं जमा करून घेतलं, पण संग्राहकांच्या नाण्यांना सूट होती. उद्या पुन्हा तसं झालं तर साधा ईगल जाईल आणि जुनं नाणं वाचेल. म्हणून मी जुनीच घेतो, चार पैसे जास्त गेले तरी.

टांकसाळवेडा

मामा, संग्राहक म्हणून सांगतो, या भीतीपोटी एक डॉलरही जास्त देऊ नका. ५ एप्रिल १९३३ चा फ्रँकलिन रूझवेल्टचा आदेश खरा आहे आणि सूटही खरी आहे. पण तेव्हा डॉलर सोन्याला बांधलेला होता. सरकारने लोकांकडून २०.६७ डॉलर औंसाने सोनं घेतलं आणि पुढच्याच वर्षी भाव ३५ केला, कारण त्यांना डॉलरचं मोल उतरवायचं होतं. आज डॉलर सोन्याला बांधलेलाच नाही, मग जप्त करून सरकारच्या हाती काय लागणार? ३१ डिसेंबर १९७४ पासून इथे सोनं बाळगण्यावर कसलंही बंधन नाही, आणि ईगल तर सरकार स्वतःच विकतंय.

शिवाय विकणारे 'जुनं' म्हणून देतात ती बहुतेक १९०० ते १९२८ च्या दरम्यानची २० डॉलरची सर्वसाधारण नाणी असतात. ती लाखांनी शिल्लक आहेत. खरं दुर्मिळ म्हणजे १९३३ चं २० डॉलरचं नाणं. ४,४५,५०० पाडली आणि जवळजवळ सगळी वितळवली. खासगी माणसाने कायदेशीरपणे ठेवावं असं त्यातलं एकच आहे, एकेकाळी इजिप्तच्या राजा फारूककडे असलेलं. ते २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. फिलाडेल्फियाच्या एका जवाहिऱ्याच्या वारसांकडे आणखी दहा सापडली होती, ती कोर्टाने सरकारची ठरवली.

हिशेबनीस

तुम्ही दोघेही खरेदीच्याच किमतीवर भांडताय. खर्च पुढेही असतो. वर्षानुवर्षं लोकांचे टॅक्स भरून देतो, म्हणून लिहितो.

सोन्याचं नाणं वर्षभराहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत संघीय कर लागू शकतो. शेअर्सला जास्तीत जास्त २०. कायदा सोन्याला संग्रहाची वस्तू मानतो, मग तुम्ही स्वतःला गुंतवणूकदार म्हणा नाहीतर संग्राहक. आणि प्रत्यक्ष सोनं ठेवणाऱ्या ईटीएफलाही (शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड) हाच दर आहे, त्यामुळे 'ईटीएफने कर वाचतो' हा गैरसमज काढून टाका. तरीही मी ईटीएफच सुचवतो. सोन्याच्या सगळ्यात मोठ्या ईटीएफचा खर्च वर्षाला ०.४० टक्का, आणि विकायला एक मिनिट पुरतं. नाणं घरात ठेवलं तर घराच्या नेहमीच्या विम्यात नाणी आणि सोन्याच्या चोरीला साधारण २०० डॉलरची मर्यादा असते. तुमची पॉलिसी आजच काढून बघा. बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंनाही ठेवींसारखं सरकारी विमासंरक्षण नसतं.

निवृत्तीच्या आयआरए खात्यात ईगल चालतो, २२ कॅरेट असूनही, कारण कायद्यात त्याला खास सूट आहे. पण तो अधिकृत संस्थेच्या ताब्यात हवा. आपली कंपनी काढून आयआरएचे ईगल घरच्या तिजोरीत ठेवणाऱ्यांविरुद्ध २०२१ मध्ये टॅक्स कोर्टाने निकाल दिला : ते पैसे काढून घेतल्यासारखेच धरले गेले. कर भरा, वर दंड.

सदाशिवकर

मी पुण्यातून लिहितोय. २२ कॅरेटचं नाणं घ्यायचंच कशाला? अमेरिकेची २४ कॅरेटची 'बफेलो' मिळते ना, २००६ पासून, ९९९.९ शुद्ध. माझ्या मेहुण्यांनी तिकडून एक औंसाचा ईगल आणला होता, रीतसर ड्यूटी भरून. आम्ही तो इथल्या एका सराफाकडे नेला. त्यांनी भिंगातून नाण्यावरचं "एक औंस" वाचलं, कॅल्क्युलेटरवर ३१.१ ग्रॅम केले, मशीनवर कस बघितला तर ९१.६. मग ३१.१ ग्रॅमला २२ कॅरेटचा भाव लावला. नातेवाईक म्हणाले, अमेरिकेत फसवणूक झाली, औंस पूर्ण भरलेलाच नाही.

एडिसनकर

सदाशिवकर, फसवणूक अमेरिकेत झालेली नाही! ते नाणं काट्यावर ठेवलं होतं का? एक औंसाच्या ईगलचं एकूण वजन ३३.९३ ग्रॅम भरतं. मी माझं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघितलंय, बरोबर ३३.९ येतं. त्यात शुद्ध सोनं ३१.१ ग्रॅम, वर जवळजवळ तीन टक्के चांदी आणि उरलेलं तांबं. म्हणून तर त्याला लालसर झाक असते. नाण्यावर औंस लिहिलेला आहे तो शुद्ध सोन्याचा, नाण्याच्या वजनाचा नाही. तुमच्या सराफाने शुद्ध सोन्याच्या आकड्यातून पुन्हा आठ टक्क्यांहून जास्त घट काढली. म्हणजे २.६ ग्रॅम, दहा ग्रॅमच्या तोळ्याने पाव तोळ्याहून जास्त सोनं तुमच्या मेहुण्यांचं बुडालं असतं. विकलं नसेल तर पुन्हा जा, आणि वजन आधी करायला लावा. २२ चा भाव लावायचा तर ३३.९३ वर, २४ चा लावायचा तर ३१.१ वर.

आपल्याकडच्या गिन्नीचंही तेच. तीही २२ कॅरेटची, कारण तांब्याने नाणं टणक होतं आणि हाताळताना झिजत नाही. बफेलो मऊ असते, नुसत्या बोटाळण्यानेही ओरखडे येतात.

सदाशिवकर

विकलेलं नाही, कपाटातच आहे. आज काटा मागवला. ३३.९! मेहुण्यांना फोन करतो. तरी माझं मत बदललेलं नाही. भारतात विकायचं असेल तर सराफाला ओळखीचं, २४ चंच बरं. दरवेळी त्याला गणित कोण शिकवणार?

पुतळीमाळ

भारतात न्यायचा विषय निघाला म्हणून सांगते : परदेशात वर्षभर राहून परतणाऱ्यांना सोन्यावर जी सवलत मिळते ती दागिन्यांवर आहे, नाण्यांवर नाही. पर्समध्ये ठेवून कस्टम्सच्या हिरव्या वाटेने जाऊ नका, लाल वाटेने जाऊन जाहीर करा. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं नाणं विमानतळावर अडकलं होतं.

आता एडिसनकरांना विरोध करायचाय. तुम्ही एक औंसच घ्या असं लिहिलेलं नाही, पण हिशेब सगळा औंसाचाच मांडलात. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मी दशांश औंसाचा ईगल घेते, त्या त्या सालाचा. जेमतेम साडेसोळा मिलिमीटरचं नाणं, शर्टाच्या बटणाहून थोडं मोठं. माझ्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेत तीसहून जास्त पुतळ्या होत्या. आजोबांनी त्या एका दिवसात आणल्या नव्हत्या, भात विकला की एक-दोन, अशा जमवल्या होत्या. माळ आईकडे आली, तिच्याकडून वाटणीत मला सात पुतळ्या मिळाल्या. आजोबांनी सोन्याच्या भावावर किती जास्त दिले होते हे मला आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही.

एडिसनकर

ताई, तुमचं वाचून थांबलो. तरी आकडा सांगतो, कारण दरवर्षीचा प्रश्न आहे. टांकसाळ घाऊक खरेदीदारांकडून सोन्याच्या भावावर एक औंसाला ३ टक्के घेत आली आहे, दशांश औंसाला ९. आपल्यापर्यंत येताना दोन्हीत भर पडते. म्हणजे अशी दहा नाणी मिळून होणारा औंस तुम्हाला बराच महाग पडतो. पण दरवर्षी एक औंस घेणं कोणालाच परवडत नाही, सोन्याने २०२५ मध्ये ४,००० ओलांडल्यावर तर नाहीच. मुलीच्या डबीत बसायचं असेल तर दशांशच घ्या, माझी हरकत नाही. माझी हरकत त्यावर चिठ्ठी लावून दुप्पट पैसे घेणाऱ्यांवर आहे.

एक मात्र करा. २०२१ च्या मध्यापासून ईगलची मागची बाजू बदलली, आता तिथे गरुडाचं नुसतं डोकं आहे. त्याच वेळी कडेवरच्या दातांत एका जागी मुद्दाम खाच सोडली, नकली ओळखता यावं म्हणून. नवीन नाणं घेतलंत की भिंग घेऊन कडा पूर्ण फिरवून बघा.

पुतळीमाळ

बघितलं. २०२२ च्या नाण्यावर खाच आहे. मुलीनेच शोधली, मला चष्म्यातूनही दिसत नव्हती. आता ती बाकीची नाणी घेऊन बसलीय आणि २०२० च्या नाण्यावर खाच का नाही म्हणून मला विचारतेय.