समृद्धीवर लेन असिस्ट लावावं का? हात स्टिअरिंगवर, लक्ष कुठे?

शिवमडका_झिरो: माझ्या मते क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारी यंत्रणा) लावा, लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवायला स्टिअरिंग स्वतः वळवणारी यंत्रणा) बंद ठेवा. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. दोन्ही लावलं की चालकाला फक्त बघत बसायचं उरतं, आणि नुसती नजर ठेवायचं काम दिलं की माणूस पहिल्या अर्ध्या तासातच ढिला पडतो, हे मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये दाखवलंय. नागपुरातून निघालात तर तोवर वर्धा जिल्हा लागलेला असतो, आणि पुढचा सगळा रस्ता उरलेला.

ऑरेंज_ईव्ही: काहून बंद ठेवायचं भाऊ? दोष लेन असिस्टचा नाही, लक्ष मोजण्याच्या पद्धतीचा. अनेक गाड्या फक्त स्टिअरिंगवरचा पीळ मोजतात. लोक त्याला पाण्याची बाटली अडकवून फसवतात. युरोपात चालणाऱ्या आर७९ या स्टिअरिंगच्या नियमातही हात सुटल्यावर इशारा यायला १५ सेकंदांपर्यंत मुभा आहे, म्हणजे १२० च्या वेगात अर्धा किलोमीटर. पापण्या आणि मान बघणारा इन्फ्रारेड कॅमेरा सक्तीचा करा, वाद मिटला.

शिवमडका_झिरो: मिटत नाही. कॅमेऱ्याला डोळे दिसतात, मन नाही. मे महिन्यातल्या उन्हात काही गॉगलच्या काचांआडून तेही धड दिसत नाहीत. आणि समजा, पुढची कार अचानक लेन बदलते आणि तिच्या आड लेनमध्ये अर्धा घुसलेला बंद ट्रक उभा आहे. वेगात असताना बरीच रडारं स्थिर वस्तू गाळून टाकतात. पुढचा रस्ता मोकळा झाला समजून क्रूझ उलट वेग वाढवतं! गाडीला ट्रक दिसलाच नाही तर अलार्म कशाचा वाजणार? लेव्हल ३ (गाडी स्वतः चालते, बोलावलं की चालकानं ताबा घ्यायचा) च्या आर१५७ नियमात ताबा घ्यायला किमान १० सेकंद मिळतात. आपल्याकडच्या लेव्हल २ (गाडी मदत करते, लक्ष सतत चालकाचंच) मध्ये एका सेकंदाचीही हमी नाही.

वर्धारोड_वर्कशॉप: दोघंही ताबा घ्यायचा कसा ते सांगत नाही. ब्रेक दाबला की क्रूझ सुटतं, पण काही मॉडेलमध्ये लेन असिस्ट चालूच राहतं आणि वळवताना स्टिअरिंग उलटं ओढतं. घाबरून झटका दिला की गाडी लेनबाहेर. आधी पाय ब्रेकवर, हात स्टिअरिंगवर घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी, आरशात नजर, मग इंडिकेटर देऊन वळवा. इंडिकेटर दिला की बहुतेक गाड्यांत लेन असिस्ट सोडून देतं. ईव्हीत क्रूझ रद्द होताच रीजन (मोटरच गाडीचा वेग कमी करते) लागतं, मागचा ट्रक अंगावर येऊ शकतो. क्रूझमधली पुढच्या गाडीपासूनच्या अंतराची सेटिंग सगळ्यात लांबची ठेवा.

ऑरेंज_ईव्ही: लांबची ठेवली की मधे कोणीतरी घुसतोच जी.

वर्धारोड_वर्कशॉप: घुसू द्या. क्रूझ पुन्हा अंतर घेतं, दोन-तीन सेकंदांचं काम आहे. मधल्या वेळात ॲक्सिलेटर दाबू नका. पाय पडला की क्रूझ स्वतःहून ब्रेक लावत नाही.